लाकूड ओलं होतं

ओदील थिबोदोच्या छपरावरून
सेंट जॉन नदी दिसते, नदीपलीकडे कॅनडा.
ऑक्टोबर संपत आलाय,
काठाशी सायीएवढा बर्फ धरलाय.
कमरेला दोर बांधून मी नळीत ब्रश सोडते.
एकोणीस वर्षं हेच काम, आधी वडिलांच्या हाताखाली.

काजळी भुरभुरीत असली
की ब्रश खाली जाताना नुसती कुजबुज ऐकू येते.
इथे तो अडतो,
पाटीवर नख ओढल्यासारखा करकरतो.

खाली, जुन्या दगडी शेकोटीच्या पोटात
लोखंडी भट्टी, काचेच्या दाराची.
रेनाल्डने बसवली, धाकटी झाली त्या वर्षी.
रात्री दहाला तो ती ओंडक्यांनी गच्च भरायचा
आणि हवेची कळ पार मिटायचा.
"सकाळपर्यंत पुरलं पाहिजे."
पुरायचंही. रात्रभर धुमसत.
मार्चमध्ये तो गेला.

बादलीत पडलेलं मी तिला दाखवते:
डांबराचे खडे, काळे, चकचकीत.
"हे पेटतं?"
"पेटलं तर छपरावरून मालगाडी गेल्यासारखं वाटतं.
ब्रशने हे निघायचं नाही. नळीच बदलू.
तोवर काडी लावायची नाही."
ती खडा चिमटीत धरून
उजेडात फिरवते.
"फार काटकसरी होता तो," म्हणते.
मी हातमोजे काढत राहते.

पुढच्या आठवड्यात नवी नळी घेऊन जाते.
दारात डॉलरची नोट धरून दार लावते,
नोट ओढते. सुळकन येते.
"दाराभोवतीची दोरी झिजलीय."
ओदील हसते, मार्चनंतर पहिल्यांदा असावं:
"त्याच्या खिशातून नोट
इतकी सहज कधी सुटली नाही."

शयनघरातला विषारी वायूचा गजर मुका.
त्याची बॅटरी सापडते
रेनाल्डच्या रेडिओत.

मग अंगणातली रास.
मेपल, बर्च, एकावर एक, ओळंब्यात रचलेली.
एक ओंडका मी फोडते,
ताज्या पोटात यंत्राचे दोन काटे टोचते. सत्तावीस.
वीसच्या आत हवं.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणतात;
भट्टीत तसं नसतं.
ओलं आत बसून कुढतं
आणि सगळं धुराड्याला सांगतं.
"फेब्रुवारीत फोडलेली," ती म्हणते. "त्याची शेवटची."
"मग राहू द्या अजून एक वर्ष.
वरून झाका, कडा उघड्या ठेवा."
ती राशीवरून हात फिरवते,
गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.
"म्हणजे पुढचा हिवाळाही त्याचाच."
या वर्षापुरतं सुकं लाकूड पेल्तिएकडून मागवते.

पेल्तिएंचाच ओटा जळाला होता गेल्या वर्षी:
पुठ्ठ्याच्या खोक्यात राख, चौथा दिवस,
हात लावला तर गार,
तळाशी एक निखारा जागा.
ओदीलला सांगावं लागत नाही.
झाकणाची लोखंडी बादली तिने आधीच
घरापासून लांब, दगडावर नेऊन ठेवलीय.

पहिला जाळ आम्ही दोघी घालतो.
जाड लाकडं तळाला, काटक्या माथ्यावर,
हवेची कळ पूर्ण उघडी.
आग वरून खाली उतरते,
जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, एकेक पायरी.
नवं लाकूड घालताना दार आधी
दोन बोटं उघडायचं, थांबायचं,
धुराला वरची वाट सापडू द्यायची.
ती थांबते. माझ्यापेक्षा जास्तच थांबते.

जानेवारीत, उणे एकतीसच्या रात्री, तिचा फोन.
पोटात गोळा येतो. मी चपला शोधू लागते.
"काही झालं नाही," ती म्हणते.
"पहाटे पाचला विझते, उठून पुन्हा पेटवते. चालतं.
पण काचेतून ज्वाळा दिसतात गं.
तीस वर्षं मला वाटायचं,
ती काच काळीच असते."

मग बराच वेळ नुसती लाकडाची तडतड.

"ते नळीतलं," ती विचारते,
"ते त्याच्यामुळेच ना?"

"लाकूड ओलं होतं," मी म्हणते.