विषय क्रमांक सत्तावीस

सभागृहातले पंखे मी नोकरीला लागलो तेव्हाचेच,
अकरापैकी सात फिरतात.
हे इतिवृत्तात कधी आलं नाही.
इतिवृत्तात येतं ते असं:
सूचक, अनुमोदक, उपसूचना फेटाळली, ठराव मंजूर.

त्या दिवशी विषय क्रमांक सत्तावीस.
जलवाहिनीच्या शिलकीतून एकसष्ट कोटी
तलावाकाठच्या नाचऱ्या कारंज्याकडे वळते करणे.
विरोधी बाकावरून कुणीतरी रिकामा हंडा बडवला,
महापौरांनी घंटा बडवली,
आणि दोन्हींच्या मधल्या फटीत साहेब माझ्या कानाशी म्हणाले,
मोजा लवकर, तोडकर.

मी मोजलं.
बाजूने चौतीस. विरोधात तेहेतीस.
चौतिसावा हात यल्लम्मा मादगुंडींचा.

हात वर होता, हे खरं.
पण बोट एकच होतं.
पोर शाळेत धरतं तसं, गुरुजी, एक विचारू का.
नखाच्या कडेला तंबाखूची पिवळी रेघ,
कात्रीनं पडलेला घट्टा.
एक बोट म्हणजे प्रश्न, पाच बोटं म्हणजे होकार
असं अधिनियमात कुठं लिहिलेलं नाही.
मी पाहिलं,
आणि घंटा थांबायच्या आत आकडा लिहिला.

पुढचं सगळं पेपरात आलंच.
युती मोडली. उपमहापौरांनी राजीनामा दिला,
दुसऱ्या दिवशी मागं घेतला,
तिसऱ्या दिवशी होटगी रोडच्या फार्महाऊसवर
सतरा जणांना जेवायला घातलं.
स्थायीचा सभापती बदलला. नव्या सभापतीनं खुर्ची बदलली.
मुंबईहून निरीक्षक आले,
शेंगाचटणीची आठ पाकिटं घेऊन गेले.
अशोक चौकात फलक लागला,
विकासाला साथ देणाऱ्या रणरागिणीचं हार्दिक अभिनंदन.
फोटोत यल्लम्मा, बारा फूट, हात वर.
बोट तिथंही एकच.
वाचता येणाऱ्या कुणीच ते वाचलं नाही.

तिच्या गल्लीत त्या आठवड्यात
सहाव्या दिवशीही पाणी आलं नाही.
आणि तेंदूचं पान भिजवल्याशिवाय कापता येत नाही.
शनिवारी विडी कारखान्याच्या शाखेत
बायका माल द्यायला बसल्या
तर तिच्या सुपाच्या दोन्ही अंगांना हातभर जागा सुटली.
भांडलं कुणी नाही.
एकीनं फक्त विचारलं,
कारंज्याचं पाणी गोड असतंय काय गं, यल्लक्का?

सोमवारी ती माझ्या टेबलापाशी आली.
नकलेचे चाळीस रुपये खिडकीत भरून आलेली.
नगरसेवकांना फुकट मिळते
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.
तेलुगू वाचते ती. मराठी सहीपुरती.
म्हणाली, माझं नाव कुठं हाय तेवढं वाचा.
मी वाचलं. बाजूने, अनुक्रमांक चौतीस.
ती गप्प राहिली.
मग हात पुन्हा वर केला, तेच बोट,
आणि तिच्या भाषेत म्हणाली,
अडगडानिकि, अण्णा.

विचारायला.

काय विचारायचं होतं
ते मी विचारलं नाही.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करायला आलं.
हरकत असेल त्यांनी हात वर करा, साहेब म्हणाले,
नेहमीसारखं, खाली बघतच.
मी मात्र मागच्या बाकाकडं पाहिलं.
तिचे दोन्ही हात पदराखाली होते.
कायम, असं मी लिहिलं.
अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

मार्चअखेर निवृत्त होतोय.
नळाला पाणी येतं रात्री अडीचला.
बायको उठवते, मी पाइप धरतो.
घागरी ती मोजते.