शेवटचा पर्याय

"गेल्या चार आठवड्यांत उदास वाटलं का?
कधीच नाही, कधी कधी, की रोज?"
"रोज," म्हणतो क्लिफर्ड.
मी क्रम उलटा करते.
"कधीच नाही." तितक्याच खात्रीने.

वय त्रेपन्न. रॉचडेलमधलं हे सहा खोल्यांचं घर,
औषधांच्या कपाटाची किल्ली मॅनेजरच्या गळ्यात.
फाइलीत लिहिलंय: जेवत नाही, ओरडतो, मनगट चावतो.
खाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात:
'तो असाच आहे.'

चेहऱ्यांची कार्डं मांडली.
त्याने रडका उचलला,
तो निळा होता म्हणून,
त्याच्या फुटबॉलच्या शर्टासारखा.

चार आठवडे म्हणजे किती, हे कसं सांगू?
या गल्लीत आठवडे कचऱ्याच्या डब्यांवर मोजतात:
या गुरुवारी तपकिरी, पुढच्या गुरुवारी करडा.
"आदल्या रात्री डबे कोण नेतं रे बाहेर?"
बराच वेळ गप्प. मग बोट खिडकीकडे.
दोन्ही डबे भिंतीशी, झाकणं वर आलेली.
"मी आणि विनी."

विनी कोण, हे मॅनेजरला आठवावं लागलं.
हां, ती रात्रपाळीची. मार्चमध्ये गेली बिचारी.
याला नाही सांगितलं. याला काय कळणार?

फॉर्मवर अजून एकोणीस चौकटी रिकाम्या.
पेनाला टोपण लावता लावता
माझ्याच तोंडून निघून जातं,
"विनी येणार, की नाही येणार?"

पहिल्यांदाच तो
शेवटचा शब्द उचलत नाही.
"येणार," म्हणतो,
आणि वाकून बूट शोधू लागतो.

आज बुधवार.