तीस रुपयांची काठी

एकतीस वर्षं पूंडीच्या पायथ्याशी
मी काठ्या विकल्या.
बांबू चेन्नियप्पन आणायचा, तासायची मी.
हातात कूस गेलं तर गिऱ्हाइकाची शिवी आधी मला,
मग देवाला.

माणूस बघून काठी द्यायची असते:
पोट पुढे त्याला आखूड,
दम कमी त्याला उंच,
नवस ताजा असेल त्याला
कुठलीही चालते.

सातही डोंगर मला तोंडपाठ, न चढता.
उतरलेली माणसं माझ्या बाकड्यावर तळवे चोळत सांगायची:
पहिल्याच्या पायऱ्या संपत नाहीत.
पुढे एका खडकापाशी टाळी वाजवली की पाणी येतं.
सहाव्यावरच्या कुंडात उतरलं की हाडं वाजतात.
सातव्याचं कुणी काही सांगायचं नाही.
तिथं पोचलं की सगळे
सुंठेची कॉफी मागायचे.

"चढ फार आहे का हो, अम्मा?"
"छे, एवढासा तर आहे," मी म्हणायची, सुटे मोजत.

दहाच्या पुढची, पन्नाशीच्या आतली बाई वर जात नाही.
कुणी ठरवलं, मी विचारलं नाही.
दहाच्या आत होते तेव्हा धारापुरमच्या सपाट रानात
मला डोंगर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं,
आणि लग्न होऊन इथं आले
तोवर उशीर झाला होता.
चेन्नियप्पन बावीस वेळा जाऊन आला.
दर वेळी विचारलं, वर काय आहे?
दर वेळी म्हणाला, थंडी.
गेला तेव्हाही बाकी काही सांगून गेला नाही.

या चित्रा पौर्णिमेला
रेशनकार्डावर मी बावन्न,
आईच्या हिशोबानं पन्नास,
गुडघ्यांच्या हिशोबानं सत्तर.
नातू कदिरवेल म्हणाला, आजी, चल.
दुकानातून स्वतःसाठी काठी काढताना
पहिल्यांदाच हात अडला.
या बाईला कुठली द्यावी?

पहिल्या पायऱ्या खरंच संपेनात.
टॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या टाचा,
मागच्याचा श्वास, कुणाचा तरी नमशिवाय
अर्धाच, उरलेला दमात गेलेला.
दुसऱ्या डोंगराच्या वळणापासून दिसू लागल्या:
काठ्या.
मोडलेल्या, टाकलेल्या, झुडपात अडकलेल्या.
एकीच्या शेंड्याला लाल दोरी,
ती मेट्टुपाळयमच्या जाड्या शिंप्याची.
उंच दिली होती मी त्याला.
आखूड द्यायला हवी होती.
जवळच्या दगडावर बसून राहिले जरा.
कदिरवेलला वाटलं, दमले.

खडकापाशी टाळी वाजवली.
पाणी नाही.
त्यानं वाजवली. नाही.
दोघेही गप्प झालो, तेव्हा ऐकू आलं:
ते ठिबकतच होतं मघापासून,
टाळीनं फक्त बाकीचे आवाज थांबवायचे असतात.

कुंडात मी उतरले नाही. पाय बुडवले, पुरे झाले.
सातव्यावर माती पांढरी, राखेसारखी.
कपाळाला लावली,
थोडी पदरात बांधली.
मग दोन मोठ्या शिळांच्या बेचक्यात, एवढासा,
दिव्याच्या काजळीनं काळा झालेला,
तो.
मागायचं ठरवून आले होते ते आठवेना.
पहाटेचा वारा असा की
पदर तोंडात धरून उभी राहिले.
खाली कुठंतरी कोइंबतूरचे दिवे विझत होते.
थंडी होती रे, मी मनात म्हणाले,
बरोबर सांगत होतास.

उतरताना नऊ काठ्या गोळा केल्या.
कदिरवेल कुरकुरला, पण सहा त्यानंच वाहिल्या.
देवाच्या वाटेवर टाकलेली काठी परत विकू नये म्हणतात.
धुतल्या, वाळवल्या, तासल्या.
विकल्या.

परवा तिरुप्पूरच्या गिरणीतला एक पोरगा आला,
नवी चप्पल, डोळे सुजलेले.
"चढ फार आहे का, अम्मा?"
"फार आहे," म्हटलं. "ती नको. ही घे, आखूड.
आणि स्वेटर आहे का?"
"तीसचे पंचवीस करा."
"नाही."