कणकुंबीच्या अलीकडे

पिरनवाडी सोडली तेव्हा ऊन होतं.
किणयेत ढग. कुसमळीच्या पुलावर
भरमूनं मान वळवून काहीतरी विचारलं,
मी "हो" म्हटलं.
एकोणीस वर्षं मागे बसून एवढं जमतंच,
अर्धं वाक्य वाऱ्यात गेलं तरी
पाठीकडे बघून उत्तर द्यायचं.

यझदीच्या कॅरियरला भाच्याचा तंबू,
स्टोव्ह, शेंगदाण्याची चटणी, दोन उशा.
उशा नको म्हणत होता. मी बांधल्याच.
दसरा होऊन आठवडा झालेला,
साळी पिवळ्या, कापणीला आलेल्या,
आता कुठला पाऊस, असं त्याला
उद्यमबागेतल्या चौघांनी सांगितलेलं.

जांबोटीच्या अलीकडे तो आला.
आडवा.
हेल्मेटच्या काचेवर कुणी मूठमूठ तांदूळ मारावेत तसा.

बसथांब्यात शिरलो. आत एक कुत्रं,
तीन शेळ्या, त्यांचा म्हातारा.
भिंतीवर गावाचं नाव कन्नडात,
त्याखालचं जुनं मराठी
ओल धरली की पुन्हा वर येणारं.
म्हातारा म्हणाला, "मळी निंद्रंगिल्ल इवत्त."
मग आमच्याकडे बघून,
"थांबत न्हाई ह्यो आज."
दोन्ही भाषांत तो थांबला नाही.

पुढे निंगव्वाच्या टपरीवर
मिरची भजी, दोन दोन चहा.
भरमूचे मोजे तिनं चुलीच्या कडेला टाकले.
"कुटं निघालाय?"
"कणकुंबीकडं. तंबूत राहणार."
तिनं मला नीट बघून घेतलं.
"का गं, घर न्हाई व्हय तुमाला?"
भरमू भजी खात राहिला.
त्याला ऐकूच गेलं नव्हतं.
मला वाटलं, भुकेला आहे.

कातळावर खुंट्या जाईनात.
दगड ठेवले चार, वाऱ्यानं दोन लोटले.
शेवटी तो दोन कोपऱ्यांवर, मी दोन,
पाय पसरून, हात पसरून,
घोंगडं वाळत घातल्यासारखे.
स्टोव्ह पेटला नाही.
चपाती आणि चटणी, तीही ओलसर.
उशा तेवढ्या कोरड्या होत्या.
मी काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं.

काळोख झाल्यावर तो म्हणाला,
"पुलावर तू हो म्हणालीस. बरं वाटलं."
"कशाला हो म्हणाले?"
पावसाचा आवाज. तो बोलतच राहिला:
डॉक्टरकडं जाऊन आलो गं, मागच्या बुधवारी.
डावा कान गेला. पूर्ण.
फौंड्रीतल्या हातोड्यांनी खाल्ला म्हणतात.
"तुला आधीच कळलं होतं का,
एवढंच विचारलं मी पुलावर."

"नाही," मी म्हणाले.
डावीकडून.
तो तंबूच्या छताकडे बघत राहिला,
समाधानानं.

मग झोप कुठली.
साडीत एका बाजूला बसायची मी,
पाय डावीकडे, तोंड डावीकडे.
दुधाचं बिल, लेकीची फी, सासूची शुगर,
एकदा तर, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी,
नेसरीच्या उतारावर, रागानं नाही,
उगाच सुचलं म्हणून सांगितलेलं काहीतरी,
सगळं त्या एकाच कानात
ओतत आले होते.
किती आत पोचलं असेल?
नक्की कधी बंद झालं असेल ते दार?
त्याचा हुंकार मात्र
प्रत्येक वेळी आला होता.

सकाळी धुकं. समोरचा कातळ दिसेना,
यझदी सात किकांनी उठली.
लेकीची पँट घातलेली होती मी,
दोन्हीकडे पाय टाकून बसले,
आणि पहिल्यांदाच
उजव्या खांद्यावर हनुवटी ठेवली.
"सरळ बस की, गाडी ओढती," तो ओरडला.

कुसमळीच्या पुलावर मलप्रभा लाल,
काठोकाठ.
मी त्याच्या कानात सांगायचं ते सांगितलं.
"काय?"
"काही नाही," म्हटलं. "पेट्रोल बघ."
"बघितलंय," म्हणाला. "आणि ते पण ऐकलं."
पुढे किणयेपर्यंत
कुणीच काही बोललं नाही.
त्याचे कान तेवढे लाल दिसत होते,
दोन्ही.