नव्वदावा दिवस

टार्टूच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
उर्वे कांग्रो नोंदी ठेवते:
वय, किती तास, किती रक्त, नळीतून काय आलं,
तिसावा दिवस, नव्वदावा दिवस.
शेवटच्या रकान्यात एकच अक्षर मावतं.

संगणक आला, तरी पहिल्या वर्षाची वही तिनं टाकली नाही.
अकरा नावं. चारांपुढं काळी शाई.
त्या हिवाळ्यात डॉक्टर हिल्या वाह्तेर
कोट न काढता जिन्यात बसून राहायची.
बर्फ वितळलं तेव्हा एकदाची म्हणाली,
अधूनमधून करायचं हे काम नव्हे.
दोघांनीच करायचं, सतत करायचं, नाहीतर सोडायचं.
मग दोन वर्षं परक्या गावी
दुसऱ्याच्या हातांकडे बघत उभी राहिली.

मी लिहितो त्या भाषेत याला स्वादुपिंड म्हणतात.
चव आणि पिंड, एका शब्दात शेजारी.
नाव ठेवणाऱ्याला ठाऊक असावं.

साव्वाती वारुनिन, एकाहत्तर, पेइप्सी तळ्याकाठचा,
जुन्या श्रद्धेचा, दाढीला कधी कात्री न लावलेला.
भरती होताना कांद्याची वेणी घेऊन आला,
उर्वेच्या खोलीत खिळ्याला अडकवली.
आदल्या रात्री विचारतो, शिवणार कशी?
लोण्याला टाका घालावा तशी, हिल्या म्हणते.
ओढला तर फाटतं, सैल सोडला तर पाझरतं.
म्हातारा हसतो. वेणीचंही तेच.
मान आवळली की तुटते,
ढिली ठेवली की अख्खी माळ रात्रीतून जमिनीवर.
बोटांना कळतं. पण किती वर्षांनी?
ती चादरीची घडी सारखी करते.

सात तास.
पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळीतलं पाणी राखाडी.
रात्रपाळीची लेएलो, चोवीस वर्षांची,
दोनदा बघते, तिसऱ्यांदा बघत नाही, सरळ फोन लावते.
आणि पलीकडून कुणी तिला
सकाळपर्यंत थांबता आलं नसतं का, असं विचारत नाही.
वहीतल्या चारांपैकी दोघं
सकाळपर्यंत थांबले होते.

फेब्रुवारी. नव्वदावा दिवस.
उर्वे फोन लावते. नुसता वाजतो.
दुपारी पुन्हा, चारला पुन्हा.
पडद्यावर रिकामा रकाना लुकलुकतो.
अंधार लवकर पडतो इथं.
ती उगाचच खण उघडून जुनी वही मांडीवर घेते,
उघडत मात्र नाही.

सहा वाजून गेल्यावर फोन येतो.
तळ्यावर होतो, म्हणतो, बर्फ छान धरलाय,
फोन घरीच राहिला.
मासे मिळाले?
दोन. एक खाल्ला. आधी तुमची ती गोळी घेतली,
नाहीतर पोट ऐकत नाही.
वजन?
विजार दोरीनं बांधतो अजून.
थोडा थांबतो. वेणी आहे का?

उर्वे वळून बघते.
सूपवाल्या पोरी रोज एक कांदा नेतात.
तीन उरलेत, वर, गाठीजवळ,
आणि खाली नुसती वाळकी पात.
आहे, ती म्हणते,
आणि एक अक्षर टाइप करते.