अंदाजपत्रक

होटगी रोडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये
बेचाळीस डिग्रीतही टाय सैल न करणारा पोरगा,
छातीवरच्या पाटीत शिवलिंग बिराजदार,
माझ्यापुढे कागद सरकवतो.
अकरा ओळी. खाली बेरीज,
चौदा हजार सहाशे ऐंशी.

मी आले होते ऑइल बदलायला
आणि तो आवाज सांगायला.
वळताना डावीकडून, पुढून येतो,
कुणी सुपारी कातरत बसावं तसा.
"चेक करतो मॅडम," म्हणाला,
आणि गाडी आत गेली,
जशी माणसं आमच्याकडे पडद्याआड जातात.

कारण मी रक्त काढते.
अशोक चौकातल्या लॅबमध्ये, सतरा वर्षं.
टॉवेलच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेली माणसं
केसांत कापसाचं तूस घेऊन
असाच कागद माझ्यापुढे धरतात,
हळूच विचारतात,
"ताई, ह्यातल्या खरंच लागणाऱ्या कुठल्या हो?"
मी सुईचं पाकीट फोडते.
डॉक्टरांना विचारा, म्हणते.
मूठ आवळा.

आज मूठ माझी.

इंजिन फ्लश.
नऊ वर्षं वेळच्या वेळी ऑइल घातलंय,
तिला आता एरंडेल कशाला?
खोडते.
खालून गंजरोधक कोटिंग.
अरे बिराजदार, गंजायलाही आधी पाणी लागतं,
आमच्या नळाला ते पाचव्या दिवशी येतं,
गाडीच्या वाट्याला कुठलं?
खोडते.
एसीतला वास घालवायचा फवारा.
तो वास लेकीच्या डब्यातल्या शेंगाचटणीचा आहे.
असू दे.

कूलंटपाशी पेन थांबतं.
मे महिन्यात मोहोळच्या अलीकडे
बॉनेट उघडून उभी राहिलेली माणसं पाहिलीत मी,
वाफेकडे बघत,
दूध उतू गेल्यावर बघतात तशी.
राहील.

ब्रेक पॅड : तीस टक्के शिल्लक.
"कुणी मोजलं? दाखव."
तो चपापतो. मग आत नेतो.
काढलेलं चाक, आणि एक पातळ पट्टी.
मी तिला माझं नख लावून बघते.
तेही राहील.
अलाइनमेंट राहीलच,
पाइपांसाठी आमची गल्ली खोदली तेव्हापासून
स्टिअरिंग जरा सैल धरलं
की ही दुभाजकाकडे निघते,
माहेरी निघाल्यासारखी.

उरल्या चार ओळी.
खोडायचं धाडस आहे, खात्री नाही.
थ्रॉटल बॉडी म्हणजे काय ते मला ठाऊक नाही,
जसं त्यांना क्रिएटिनिन.
"तुझी स्वतःची गाडी असती तर?"
शिवलिंग काचेच्या केबिनकडे बघतो.
"सगळं रेकमेंडेड आहे मॅडम."
मग खिशातलं दुसरं पेन काढतो,
टोपण उघडून कागदावर ठेवतो,
माझ्या पेनाला काही झालेलं नसताना.
"पाणी पिऊन येतो," म्हणतो
आणि बराच वेळ येत नाही.

मी चारही खोडते.

सहा हजार दोनशे भरून
धुतलेली गाडी घेऊन निघाले.
सात रस्त्याला वळले, तर
डावीकडून, पुढून
कातर, कातर.
त्याची ओळ कागदावर नव्हतीच.
अकरा गोष्टी त्यांना सापडल्या,
मी सांगितलेली बारावी सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी,
नरसय्या बोगा, वय एकसष्ट,
नऊ टेस्ट लिहिलेला कागद.
त्यांनी काही विचारलं नाही.
बाही वर करून
मूठ आधीच आवळून बसले होते.
मागे केबिनचं दार उघडं होतं.
मी सुई हातातली खाली ठेवली.
म्हटलं, काका, मूठ सोडा जरा.
आधी सांगा,
नेमकं होतंय काय?