सायलेन्सर

अनगोळात, रविवारी, जॅकवर चढवलेली
गोव्याहून आणलेली दोन दारांची जुनी गाडी.
पाठीखाली पोतं. गंजक्या नटांना डिझेल पाजून
मागचा डबा कापला, सरळ पाईप जोडला.
वेल्डिंग वेडंवाकडं, पण माझं.

चावी फिरवली.
गल्लीतली कुत्री उठली. समोरच्या अक्का कन्नडात
जे बोलल्या, ते मला पुरतं कळलं.

भरमूकाका तेवढे कट्ट्यावरून हलले नाहीत.
उद्यमबागेत एकतीस वर्षं हॅमरपाशी,
कान तिथंच ठेवून आलेले.

मग सावकाश आले. बॉनेटवर तळवा टेकला.
"तिसरा खोकालाय बघ."

खरंच. तिसऱ्या तोंडाशी गॅस्केट फुंकत होतं.
नट आवळला, बोट भाजलं.

आवाज कसा झालाय, विचारणार होतो.
त्यांचा तळवा अजून पत्र्यावरच.
हळूच रेस दिली.